न सांगितलेलं वाक्य

"एवढंच," द्वारकाताई म्हणाली. "पूर्णविराम. निबंध संपला."

खोलीत आम्ही तिघीच होतो. ती, मी आणि खिडकीशी बसून लोकरीचं काहीतरी विणणाऱ्या पर्यवेक्षक बाई. दहावीचा मराठीचा पेपर होता. पेपर द्वारकाताईचा, कारण तिला दिसत नव्हतं. आणि हात माझा, कारण मी तिची लेखनिक होते. ती सांगायची, मी लिहायची. मी नववीत होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा, असा नियमच होता.

निबंधाचा विषय होता 'माझे आवडते ठिकाण'. तिनं सांगितलेलं मला आजही जसंच्या तसं आठवतं. "आमच्या वसतिगृहामागं पाण्याची टाकी आहे. पहाटे पाचला तिच्या नळाखाली बादल्यांची रांग लागते. रिकाम्या बादलीत पाणी पडतं तेव्हा आवाज मोठा असतो. बादली भरत येते तसा तो बारीक होत जातो. त्यावरून नळ कधी बंद करायचा ते कळतं. टाकीच्या भिंतीला टेकून बसलं की पाठ गार होते. घरचं पत्र आलं की मी ते तिथं बसून कुणाकडून तरी वाचून घेते. दोनदा वाचायला लावते. म्हणून ती जागा मला आवडते."

पान अर्धंच भरलं होतं. चौदाव्या वर्षापर्यंत मी शाळेच्या ग्रंथालयातली दोन कपाटं वाचून संपवली होती आणि त्याचा मला माज होता. निबंधात एक झाड नाही, एक रंग नाही, ऊन नाही, असा कसा निबंध? मला तिची खरंच दया आली. मी पेन उचललं नाही. त्याच ओळीत पुढं लिहिलं, 'टाकीशेजारचा बहावा फुलला, की त्याची पिवळी फुले सकाळच्या उन्हात सोन्यासारखी झळाळतात.'

"वाच बघू," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. 'म्हणून ती जागा मला आवडते' इथं थांबले.

"झालं?"

"झालं."

तिनं मान जराशी तिरकी केली. मग म्हणाली, "पुढचा प्रश्न घे."

आमची शाळा पाटणच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. सरकारी अनुदान तिनं कधी घेतलं नाही. गावातल्या चार शिक्षकांनी काढलेली आणि तिथून शिकून गेलेल्यांनी तगवलेली. कुणी छपराचे पत्रे बसवून द्यायचं, कुणी बाकं दुरुस्त करायचं, कुणी सुट्टीत येऊन गणित शिकवून जायचं. माझी आई, साबणेबाई, तिथं मराठी शिकवायची. लेखनिकांचं काम तिनंच सुरू केलं होतं. दर मार्चमध्ये जिल्ह्याच्या अंध मुलींच्या वसतिगृहातून सात-आठ मुली आमच्या गावातल्या केंद्रावर परीक्षेला यायच्या. त्यांचे लेखनिक आमच्या शाळेचे, आणि पंधरा दिवसांचा मुक्काम माजी विद्यार्थ्यांच्या घरी. कुणाच्या घरी कोण, यावरून दरवर्षी भांडणं व्हायची. "गेल्या साली तुमच्याकडं दोघी होत्या, औंदा आमची पाळी," असं म्हणत लोक आमच्या दारात यायचे.

फेब्रुवारीतल्या शनिवारी आई आम्हांला तयार करायची. ती मुद्दाम चुकीचं सांगायची. "सूर्य पश्चिमेला उगवतो. पूर्णविराम." ज्यानं 'पूर्वेला' लिहिलं, त्याचं नाव यादीतून खाली. "उत्तर चुकत असेल तर चुकू द्या," ती म्हणायची. "चुकायचा हक्क तिचा आहे." मी सगळे शनिवार एकही चूक दुरुस्त न करता पार पाडले होते. यादीत माझं नाव पहिलं होतं आणि ते बाईंची मुलगी म्हणून नव्हतं, हे मी मैत्रिणींना आवर्जून सांगायची.

द्वारकाताई ढेबेवाडीकडची. एकोणीस वर्षांची होती. दोनदा आजारपणानं तिची दहावी हुकली होती. भावानं या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं, यंदा झालीस तर झालीस, नाहीतर घरी ये. झाली तर पुण्याला टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण मिळणार होतं. तिची जागा तिथं धरून ठेवलेली होती.

पेपर संपवून मी घरी आले तेव्हा आई दुसऱ्या दिवशीच्या लेखनिकांची यादी करत होती.

"कसा गेला गं तिला?"

"छान. निबंध तर मस्तच झाला." मी दप्तर खाली ठेवलं. "शेवटी मी एक वाक्य घातलं ना."

आईनं पेनाला टोपण लावलं. "तू घातलंस?"

"एकच."

"वाचून दाखवलंस तिला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

"चपला घाल."

"आई, जेवण?"

"आल्यावर."

रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "तिथं मी बोलणार नाही. तुझं तू सांगायचं."

द्वारकाताई बापू हुलवानांकडं उतरली होती. बापू आमच्या शाळेच्या अगदी पहिल्या तुकडीतले. त्यांची पिठाची गिरणी होती. केंद्रावर मुलींची ने-आण त्यांच्याच टेंपोतून व्हायची. आम्ही पोचलो तेव्हा गिरणी चालू होती आणि बापू डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते.

"या या बाई!" ते ओरडले. "पोरगी म्हणती पेपर झ्याक गेला! तुमच्या मृणालला आज शिरा करून घालतो!" मग आमची तोंडं बघून त्यांनी पट्टा उतरवला. गिरणी घरघरत थांबली. "काय झालं? कोण गेलं का काय?"

"कुणी नाही, बापू. द्वारका कुठं आहे?"

ती मागच्या सोप्यात बापूंच्या बायकोच्या, हिराकाकूंच्या, शेजारी बसून भाकरी खात होती. आमच्या पावलांवरून तिनं मान वर केली. "बाई आल्या. आणि मृणाल बी."

मी सांगितलं. वाटेत मनाशी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले आणि भरभर सांगून टाकलं. हिराकाकूंचा हात भाकरीच्या टोपल्यावर तसाच राहिला.

"कुठलं वाक्य?" द्वारकाताईनं विचारलं.

मी वाक्य म्हणून दाखवलं.

"आमच्या टाकीपाशी झाड न्हाई," ती म्हणाली. "तिथं कपडे वाळत घालायची तार हाय." तिनं घास चावून गिळला. "आणि सोन्यासारखी? आमच्या वर्गात सहा जणींच्या निबंधात सोनं असतंय. बाईंनी कटाळून सांगितलं, पोरींनो, सोनाराकडं जावा."

बापूंना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात दडपलं.

"द्वारकाताई, मी चुकले," मी म्हणाले. "तुला फसवायचं नव्हतं."

"मला ठावं होतं."

"काय?"

"की तू जादा लिवलंस. मी पूर्णविराम म्हणाले आणि तुझं पेन चालूच होतं. माझ्या एका वाक्याएवढं चाललं. मी म्हणलं वाच, की आता सांगंल. तू न्हाई सांगितलंस."

"मग तू तिथंच का नाही बोललीस? बाई होत्या ना खोलीत."

"आणि काय झालं असतं? तुला उठवलं असतं. पाच प्रश्न राहिले हुते. ते कोण लिवणार, ह्या हिराकाकू?"

हिराकाकू दचकल्या. "मी गं बाई कसली! मला सहीपुरतं येतंय."

मला वाटलं होतं की ती रडेल, किंवा मला बोलेल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिचं काहीतरी मोजणं चाललं होतं. साडेतीन तास तिनं माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलत पेपर सांगितला होता, आणि त्यातला दीडेक तास मी काय केलं आहे हे ठाऊक असताना सांगितला होता.

"बाई," ती आईला म्हणाली, "हे केंद्रावर सांगितलं तर काय होईल?"

"मला नक्की ठाऊक नाही," आई म्हणाली. "वाक्य खोडतील. किंवा निबंध खोडतील. कदाचित सगळा पेपर रद्द करतील."

"मग वर्ष गेलं."

"हो."

"आणि तुमचं लेखनिकांचं काम?"

"ते माझं मी बघेन. तू तुझ्यापुरतं ठरव. सांगायचं नसेल, तर इथल्या कुणाच्या तोंडून ते बाहेर जाणार नाही."

बापू पुढं सरकले. "आता मी सांगू का? कशाला इस्तवात हात घालायचा? एक वाक्य हाय. चांगलंच हाय की! हजारो पेपर असत्यात. कोण बघतंय?"

"तपासणारा बघंल की, मामा," द्वारकाताई म्हणाली. "वर शिक्का असतोय, परीक्षार्थी अंध म्हणून. आंधळ्या पोरीच्या निबंधात पिवळी फुलं आणि ऊन झळाळतंय. तो म्हणंल, हे लेखनिकानं लिवलं. मग म्हणंल, टाकी बी लेखनिकानंच लिवली. पाठ गार झालेली बी त्याचीच. माझं काय ऱ्हायलं?"

बाहेर दळणाला आलेल्या बायका गिरणी का थांबली म्हणून हाका मारत होत्या. बापूंनी दारातनंच ओरडून सांगितलं, "जरा दम धरा! पीठ कुठं पळून जात न्हाई!"

द्वारकाताईनं ताटात हात धुतला, पदराला पुसला. "बाई, कागद हाय?"

आईच्या पिशवीत कागद होता. ती स्वतः लिहायला बसू लागली, तशी द्वारकाताई म्हणाली, "तुम्ही नको. हिला लिवू दे."

मी धान्याच्या पिंपावर कागद ठेवला.

"माननीय केंद्रसंचालक यांस," द्वारकाताई सांगू लागली. घरात ती ढेबेवाडीचं बोलायची, पण लिहायचं म्हटलं की तिची भाषा पुस्तकी आणि खणखणीत व्हायची. "मी द्वारका सखाराम खोत. आज मराठीच्या पेपरात माझ्या निबंधातलं शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नाही. ते माझ्या लेखनिकेनं तिच्या मनानं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं नाही. पूर्णविराम."

मी लिहिलं.

"बाकीची सगळी वाक्यं माझी आहेत. माझी लेखनिक मुलगी अक्षरानं चांगली आहे. स्वल्पविराम. पण तिला वाटतं, की मला कमी पडतं."

माझं पेन थांबलं.

"लिवलंस?"

"लिहिते."

"ऐकू येईना मला."

मी लिहिलं. 'पण तिला वाटतं, की मला कमी पडतं.' आई समोर उभी होती. ती मला वाचवायला पुढं येईल, असं एक क्षणभर वाटलं. ती पिंपावर सांडलेलं पीठ बोटानं बाजूला करत राहिली.

"माझ्या निबंधातलं तेवढं वाक्य खोडावं. बाकीचं खोडू नये. आपली विद्यार्थिनी. वाच."

मी वाचलं. एकही शब्द न गाळता, माझ्यावरचं वाक्यही तेवढ्याच आवाजात. मग तिनं एक पोस्टकार्ड मागितलं, त्याची कड कागदावर धरली आणि कडेच्या आधारानं सरळ ओळीत सही केली.

"उद्यापासून राखीवमधली मुलगी पाठवते," आई म्हणाली.

"नको बाई. हिची खोड मला आता ठावं झालीय. नवीनची हुडकत बसायला लागंल." आणि मग माझ्या दिशेनं, "उद्या हिंदी हाय. येशील न्हवं टायमात?"

घरी परतताना आई माझ्यापुढं चालत होती. पुलाच्या पलीकडं आल्यावर म्हणाली, "चुकीचं उत्तर तसंच लिहायला मी शिकवलं तुम्हांला. साधं उत्तर तसंच लिहायला शिकवायचं राहून गेलं." तेवढंच. जेवायला वाढलं तेव्हा तिनं माझ्या ताटात तूप नेहमीएवढंच घातलं. त्यावर मी त्या दिवशी फार विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रसंचालक मोकाशी सरांनी अर्ज दोनदा वाचला. चष्म्यावरून द्वारकाताईकडं बघितलं. "हे सगळं तूच सांगितलंस?"

"हो सर."

"हिनं काही घातलेलं नाही ना यात?"

"न्हाई सर. ह्या खेपेला पेन येळेत थांबलं."

सरांनी अर्ज पाकिटात घालून उत्तरपत्रिकेच्या मागोमाग पाठवतो म्हणून सांगितलं. पुढचे सगळे पेपर मीच लिहिले. भूमितीत ती एक प्रमेय चुकली. ते चुकतंय हे मला पहिल्याच ओळीला दिसलं होतं. मी तसंच लिहिलं आणि तसंच वाचून दाखवलं. वाचता वाचता तिची तिलाच चूक सापडली, आणि तिनं ती दुरुस्त केली.

जूनमध्ये निकाल लागला. त्यासाठी द्वारकाताई बापूंकडं येऊन राहिली होती. तिच्या नावापुढं 'राखीव', म्हणजे निकाल राखून ठेवलेला, असं होतं. पुढचे पंधरा दिवस बापू रोज सकाळी पोस्टात जाऊन बसायचे आणि पोस्टमनला म्हणायचे, "तुला काय झालंय रं? बाकीच्यांची पत्रं बरी येत्यात." तिचा भाऊ न्यायला येऊन परत गेला. बापूंनीच त्याला घालवला. "पंधरा दिसांत तुझं काय शेत वाहून जातंय का?" पंधरा दिवस तिनं गिरणीवर दळणाचे डबे ओळखून लावायचं काम केलं. कुठला डबा कुणाचा, हे ती झाकणावर टिचकी मारून सांगायची.

पत्र आलं ते बापूंनी धावत शाळेत आणलं. आईनं ते व्हरांड्यात, सगळ्यांसमोर वाचलं. निबंधाचे गुण वगळून निकाल जाहीर करण्यात येत आहे. मराठी, सत्तेचाळीस. उत्तीर्ण.

"निबंधाला भोपळा," द्वारकाताई म्हणाली. "तरी सत्तेचाळीस." ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. हसत होती. "सगळे माझे हायेत."

जुलैत माजी विद्यार्थ्यांची सभा झाली. गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. दोघा-तिघांनी उठून सांगितलं, की शाळेचं नाव खराब होतं, लेखनिकांचं काम बंद करावं. आई खाली मान घालून ऐकत होती. तिच्या बाजूनं बापू बोलायला उठले, आणि रागाच्या भरात काय बोलायचं ते विसरले. "पुढल्या साली माझ्याकडं दोघी पाठवा," एवढंच म्हणून खाली बसले.

द्वारकाताई पुण्याला निघाली होती. जाण्याआधी सभेला आली होती. अध्यक्षांनी जरा संकोचानं विचारलं, "तुम्हांला शाळेकडून काही मदत हवी आहे का?"

"मला नको. तुम्हांलाच पायजे," ती म्हणाली. "फेब्रुवारीत मला बोलवा. पेन कधी थांबत न्हाई, ते तुम्हां डोळसांना ऐकू येत न्हाई."

तिला बोलावलं. ती आली. पुण्याच्या टेलिफोन केंद्रात नोकरीला लागली, लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी फेब्रुवारीतल्या शनिवारी ती एसटीनं यायची. आई पुढं खुर्चीत बसून सांगायची, आणि द्वारकाताई वर्गात मागं. आई आता फक्त चुकीची उत्तरं सांगत नव्हती. साधी, लहान, अगदी सपक वाटतील अशी वाक्यं सांगायची आणि त्यांवर मुलांना काहीतरी घालावंसं वाटेल इतका वेळ थांबायची. मग मागून आवाज यायचा, "खिडकीकडचं दुसरं बाक. तुझं पेन अजून चाललंय." मुलं वळून बघायची. असं जवळपास तीस वर्षं चाललं. मधल्या काळात आई निवृत्त झाली, बापू गेले, त्यांच्या घरी त्यांची सून मुलींना ठेवून घेऊ लागली. मी पुण्यात पुस्तकांची संपादनं करत राहिले. लेखक म्हणतात की माझा हात हलका आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये आई गेली. डिसेंबरात शाळेतून फोन आला, शनिवारांचं काय करायचं. द्वारकाताईचा फोन त्याच्या आधीच येऊन गेला होता. "गाडी सहाची धरायची का साडेसहाची?" तिनं विचारलं होतं. मी येणार की नाही, हे तिनं विचारलंच नाही.

पहिल्या शनिवारी नववीची बावीस मुलं होती. मी आईच्या खुर्चीत बसले. तिची वही उघडली आणि सांगायला लागले. "आमच्या गल्लीत सात घरं आहेत. पूर्णविराम. शेवटच्या घरासमोर एक दगड आहे. पूर्णविराम." पेनं चालत होती आणि थांबत होती. मागं द्वारकाताई मान जराशी तिरकी करून बसली होती. केस आता निम्मे पांढरे.

पान उलटलं तर अक्षर बदललेलं. हे पान आईनं गेल्या वर्षी, हात थरथरायला लागल्यावर, पुन्हा लिहून काढलं होतं. रेषा वरखाली झाल्या होत्या. तरी एकही शब्द गाळलेला नव्हता. मला पुढचं वाक्य दिसत होतं, पण वाचता येईना. मुलं वाट बघू लागली. बराच वेळ गेला असावा, कारण पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीकडं बघायला लागली.

द्वारकाताई मला पहिल्यापासून मृणाल म्हणते. पोरी म्हणते. रागावली की साबणे म्हणते.

"सगळी पेनं थांबलीत, बाई," ती मागून म्हणाली. "पुढचं सांगा."